२५ मीटर पिस्तूल (नेमबाजी)

२५ मीटर पिस्तूल हा नेमबाजी या खेळातील महिलांचा एक ऑलिंपिक क्रीडाप्रकार आहे. स्पर्धक उभ्याने, एकाच हातात पिस्तूल धरून, कोणत्याही आधाराशिवाय २५ मीटर अंतरावरील लक्ष्यावर ६० गोळ्या झाडते. त्यांपैकी ३० गोळ्या सावकाश, अचूकतेसाठी, तर ३० गोळ्या प्रत्येकी तीन सेकंदांच्या मर्यादेत झाडावयाच्या असतात. संथ व जलद अशा दोन भिन्न प्रकृतींच्या नेमबाजीची एकाच दिवसात किंवा लागोपाठच्या दोन दिवसांत परीक्षा घेणारा हा प्रकार असल्याने त्यात साधनाची जुळवणी आणि सरावाची शिस्त या दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रकाराचे महत्त्व असे की, कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ साली विश्वचषक स्पर्धेचे आणि २०१८ साली आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले.

इतिहास

पिस्तूल नेमबाजीचा समावेश १८९६ सालच्या अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासूनच आहे. महिलांसाठी २५ मीटर पिस्तूल हा स्वतंत्र प्रकार मात्र १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुरू झाला. कॅनडाच्या लिंडा थॉम या त्याच्या पहिल्या विजेत्या ठरल्या. तेव्हापासून हा प्रकार प्रत्येक ऑलिंपिकमध्ये खेळला गेला आहे. त्याचे नियम आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघ ठरवितो. पुरुषांसाठी याच अंतरावर २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल हा ऑलिंपिक प्रकार आहे. त्यात पाच लक्ष्यांवर अनुक्रमे ८, ६ व ४ सेकंदांत पाच गोळ्या झाडाव्या लागतात. २०१२ साली लंडन येथे भारताच्या विजय कुमार यांनी त्या प्रकारात रौप्यपदक मिळविले होते.

स्पर्धेचे स्वरूप

पात्रता फेरीचे दोन टप्पे असतात.

पहिल्या टप्प्याला प्रिसिजन टप्पा म्हणतात. त्यात पाच गोळ्यांच्या सहा मालिका असतात व प्रत्येक मालिकेसाठी पाच मिनिटे मिळतात. म्हणजे एका गोळीसाठी सरासरी एक मिनिट हाताशी असते.

दुसऱ्या टप्प्याला रॅपिड टप्पा म्हणतात. यातही पाच गोळ्यांच्या सहा मालिका असतात, परंतु एका वेळी एकच गोळी झाडावयाची असते. लक्ष्य तीन सेकंद खुले राहते, नंतर सात सेकंद बंद होते आणि असे पाच वेळा घडते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असल्यास हीच सूचना हिरव्या व लाल दिव्यांनी मिळते. लक्ष्य बंद असताना पिस्तूल धरलेला हात खाली, उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा अधिक वर न येईल असा ठेवावा लागतो. लक्ष्य खुले होताच हात उचलणे, नेम साधणे आणि गोळी झाडणे या तिन्ही क्रिया तीन सेकंदांत पूर्ण कराव्या लागतात.

प्रत्येक टप्प्यापूर्वी पाच गोळ्यांची एक चाचणी मालिका मिळते. दोन्ही टप्प्यांचे मिळून कमाल ६०० गुण होतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या मनू भाकर यांनी प्रिसिजनमध्ये २९४ व रॅपिडमध्ये २९६ असे एकूण ५९० गुण मिळवून पात्रता फेरीत दुसरे स्थान मिळविले होते. अंतिम फेरीत त्या चौथ्या आल्या.

पात्रता फेरीतील पहिल्या आठ स्पर्धक अंतिम फेरीत जातात. तेथे सर्वांचा आरंभ शून्यापासून होतो. रॅपिड पद्धतीने पाच गोळ्यांच्या कमाल दहा मालिका झाडल्या जातात आणि १०.२ किंवा त्याहून अधिक गुणांची गोळी ‘लागली’, अन्यथा ‘हुकली’, एवढाच हिशोब ठेवला जातो. चौथ्या मालिकेनंतर एकेक स्पर्धक बाद होत जाते. त्यामुळे पात्रता फेरीतील आघाडीचा अंतिम फेरीत उपयोग होत नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत मनू भाकर यांनी पात्रता फेरीत ५९३ गुणांसह पहिले स्थान मिळविले होते, तरी अंतिम फेरीत त्यांना सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले.

लक्ष्य

दोन्ही टप्प्यांची लक्ष्ये वेगळी असतात. प्रिसिजन लक्ष्यावर १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी असून ७ ते १० गुणांचा काळा भाग २०० मिमी व्यासाचा असतो. रॅपिड लक्ष्यावर १० गुणांचे वर्तुळ १०० मिमी आणि संपूर्ण काळा भाग ५०० मिमी व्यासाचा असतो. गोळीचे छिद्र वरच्या वर्तुळाच्या रेषेला स्पर्श करीत असेल, तर वरचा गुण दिला जातो.

पिस्तुलाविषयीचे नियम

या प्रकारात ५.६ मिमी व्यासाचे, म्हणजे .२२ लाँग रायफल काडतूस वापरणारे स्वयंभरण पिस्तूल वापरतात. त्यासंबंधीच्या प्रमुख मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

• पिस्तुलाचे वजन कमाल १,४०० ग्रॅम.
• नळीची लांबी कमाल १५३ मिमी.
• पुढची साइट व मागची साइट यांतील अंतर कमाल २२० मिमी.
• चाप ओढण्यासाठी लागणारे बल किमान १,००० ग्रॅम वजनाइतके.
• संपूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमी मापाच्या पेटीत बसले पाहिजे.
• भिंगाची, दुर्बिणीची किंवा लेझरची साइट वापरण्यास मनाई.

तुलनेसाठी पाहता, १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात ४.५ मिमीचा छर्रा वापरतात. तेथे पिस्तुलाच्या वजनाची मर्यादा १,५०० ग्रॅम, चापाचे किमान बल ५०० ग्रॅम आणि १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो.

स्पर्धेपूर्वी साधन-तपासणी कक्षात पिस्तुलाची मापे घेतली जातात. चापाची तपासणी करताना पिस्तुलाची नळी उभी धरून चापाला १,००० ग्रॅमचे वजन अडकवितात व ते उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तरच पिस्तूल ग्राह्य ठरते. फेरी संपल्यावरही काही स्पर्धकांची पुन्हा तपासणी होते व तीत चाप हलका आढळल्यास स्पर्धक अपात्र ठरते. म्हणून जाणकार नेमबाज चाप अगदी मर्यादेवर न ठेवता किंचित जड ठेवतात.

चुकीचे गणित

पिस्तूल नेमबाजीत हात स्थिर राहिला की गोळी मध्यभागी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कोणताही हात पूर्णपणे स्थिर राहत नाही. हात डोलण्यामुळे होणारी चूक आणि साइट वाकडी झाल्यामुळे होणारी चूक यांत मोठा फरक आहे.

दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या असताना संपूर्ण पिस्तूल ५ मिमी बाजूला सरकले, तर गोळीही लक्ष्यावर ५ मिमीच सरकते. परंतु मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट किंचितशी कलंडली, तर चूक कोनात्मक होते आणि अंतराच्या प्रमाणात वाढते. साइटमधील अंतर २२० मिमी व लक्ष्याचे अंतर २५,००० मिमी धरल्यास हे प्रमाण सुमारे ११४ पट होते. म्हणजे पुढची साइट केवळ ०.१ मिमी ढळली, तर गोळी सुमारे ११ मिमी सरकते. ती पाव मिलिमीटर ढळली, तर गोळी सुमारे २८ मिमी सरकते आणि प्रिसिजन लक्ष्यावरील १० चा गुण हातातून जातो.

चाप ओढण्याच्या क्षणी बोटाने, अंगठ्याने वा मनगटाने दिलेला अनावश्यक दाब नेमकी हीच पाव मिलिमीटरची चूक घडवितो. या कारणाने नेमबाजाची नजर लक्ष्यावर नव्हे, तर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर खिळलेली असावी लागते. लक्ष्य त्या वेळी अंधूक दिसते व तसे दिसणेच योग्य मानले जाते. साधनाची जुळवणी आणि सराव यांचे बहुतेक नियम या एका गणितातून निघतात.

साधनाची जुळवणी

मूठ

पिस्तूल आणि शरीर यांचा खरा संबंध मुठीतून येतो. स्पर्धेच्या पिस्तुलांची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती उजव्या किंवा डाव्या हातासाठी, निरनिराळ्या मापांत मिळते. तयार मूठ हाताला तंतोतंत बसत नाही. जेथे दाब अधिक पडतो, तेथील लाकूड कानस व पॉलिश कागदाने घासून काढतात. जेथे पोकळी राहते, तेथे लाकडी लांबी भरतात. तळहाताच्या कडेखाली सरकता आधार असतो. तो हाताला स्पर्श करील इतपतच वर घेतात, आवळून बसवीत नाहीत.

मूठ योग्य बसल्याची एक सोपी कसोटी आहे. डोळे मिटून पिस्तूल हातात घ्यावे, हात लक्ष्याच्या उंचीवर आणावा आणि डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत आपोआप मध्यभागी दिसली, तर मूठ हाताची झाली असे समजतात. ती सातत्याने एकाच बाजूला दिसत असेल, तर मनगट वळवून ती मध्यभागी आणणे चुकीचे ठरते. मूठच बदलावी लागते. रॅपिड टप्प्यात साइट सुधारीत बसण्यास वेळ नसल्याने ही कसोटी तेथे निर्णायक ठरते. मुठीने मनगटाला आधार देणे नियमबाह्य आहे. त्या हातात घड्याळ, कडे वा आधार देणारी पट्टी वापरता येत नाही.

साइट

मागच्या साइटची खाच व पुढच्या साइटची रुंदी बदलता येते. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन समान फटी दिसाव्यात, अशी योजना करतात. फट फार अरुंद असेल, तर डोळा थकतो व रॅपिड टप्प्यात वेळ जातो. फार रुंद असेल, तर बारीक चूक लक्षात येत नाही. प्रिसिजन टप्प्यात अनेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या नेमके मध्यावर नेम न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात, कारण काळी साइट काळ्या वर्तुळावर स्पष्ट उठत नाही. रॅपिड लक्ष्याचा काळा भाग मोठा असल्याने तेथे मध्यावर नेम धरतात. त्यामुळे दोन टप्प्यांत साइटच्या उंचीची जुळवणी वेगळी ठेवावी लागते. ती किती ‘क्लिक’ फिरवावयाची, हे प्रत्येक नेमबाज आपल्या वहीत नोंदवून ठेवतो.

साइट फिरविण्याचा निर्णय एका गोळीवरून घेत नाहीत. किमान पाच गोळ्यांचा गट कोठे पडतो, ते पाहून घेतात. गट लहान पण बाजूला असेल, तर दोष साइटचा असतो. गट विखुरलेला असेल, तर दोष बहुधा हाताचा असतो व साइट फिरवून तो दूर होत नाही.

चाप

चापाच्या हालचालीचे साधारणपणे तीन भाग असतात : आरंभीचा सैल प्रवास, गोळी सुटण्याचा बिंदू आणि त्यानंतरचा उरलेला प्रवास. आरंभीच्या प्रवासातच एकूण बलापैकी मोठा वाटा यावा, म्हणजे शेवटी थोडाच दाब उरतो, अशी जुळवणी अनेकजण पसंत करतात. गोळी सुटल्यानंतरचा प्रवास थांबविणारा स्क्रू इतका कसत नाहीत की चाप मध्येच अडकेल. चापाची पट्टी पुढे-मागे सरकवून बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग तिच्यावर सरळ पडेल असे पाहतात. बोट तिरपे पडल्यास पिस्तूल बाजूला ढकलले जाते. चापाच्या आतील भागांचे काम शस्त्रांच्या जाणकार कारागिराकडूनच करून घेण्याची प्रथा आहे.

काडतुसे

एकाच कंपनीची, एकाच प्रकारची काडतुसेही निरनिराळ्या नळ्यांतून सारखी चालत नाहीत. म्हणून पिस्तूल स्थिर आधारावर बसवून निरनिराळ्या उत्पादनगटांची काडतुसे झाडून पाहतात व ज्या गटाची छिद्रे सर्वांत जवळ पडतात, तो निवडतात. जलद मालिकेत धक्का सौम्य असणे आणि रिकामे आवरण विनाअडथळा बाहेर पडणे या दोन गोष्टी नळीच्या अचूकतेइतक्याच महत्त्वाच्या मानल्या जातात.

बिघाड

मालिका चालू असताना पिस्तुलात बिघाड झाला, तर स्पर्धकाने नळी लक्ष्याकडेच ठेवून दुसरा हात वर करावा व पंचांची वाट पाहावी, असा नियम आहे. काडतूस न उडणे किंवा आवरण अडकणे असा बिघाड ग्राह्य धरला जातो व ठरावीक मर्यादेत मालिका पूर्ण करता येते. काडतूस भरावयास विसरणे यासारखी चूक ग्राह्य धरली जात नाही.

साधनातील एका लहानशा भागावर किती अवलंबून असते, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसून आले. २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलाची कळ तुटली. दुरुस्तीत बराच वेळ गेल्याने उरलेल्या गोळ्या त्यांना घाईने झाडाव्या लागल्या. त्या ५७५ गुणांसह बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिस येथे याच प्रकारात त्यांनी वैयक्तिक कांस्यपदक मिळविले.

सराव

कोरडा सराव

काडतुसाशिवाय केलेल्या सरावाला नेमबाजांच्या भाषेत ‘ड्राय फायर’ म्हणतात. या खेळातील सरावाचा मोठा भाग असाच असतो. गोळीचा आवाज व धक्का नसल्याने चाप सुटण्याच्या क्षणी साइट हलली की नाही, हे स्पष्ट दिसते. प्रत्यक्ष गोळीबारात ही हालचाल धक्क्यात लपून जाते. कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर किंवा भिंतीसमोर केलेला कोरडा सराव विशेष उपयुक्त समजला जातो, कारण समोर लक्ष्य नसल्यामुळे नजर साइटवरच राहते.

.२२ पिस्तुलाची सुई रिकाम्या नळीच्या कडेवर आदळून नळीची कड खराब होऊ शकते. त्यामुळे निर्मात्याने तशी मुभा दिलेली नसेल, तर नळीत प्लॅस्टिकचे नकली काडतूस घालून सराव करतात. कोरड्या सरावाच्या खोलीत खरी काडतुसे ठेवावयाची नाहीत, हा अलिखित परंतु कडक नियम आहे.

रॅपिड टप्प्याचा सराव

तीन सेकंदांचा सराव ठोक्यावर केला जातो. सात सेकंद हात खाली, संकेत मिळताच हात वर, साइट लक्ष्याच्या खालच्या कडेतून वर चढत असतानाच चापाचा आरंभीचा प्रवास पूर्ण आणि हात मध्यावर स्थिरावताच गोळी, असा क्रम असतो. हात वर नेऊन मग चापाचा विचार करणाऱ्या नेमबाजाला वेळ पुरत नाही व तो चाप झटक्याने ओढतो. पाचही गोळ्यांची लय सारखी असावी लागते. पहिली गोळी दीड सेकंदात व पाचवी पावणेतीन सेकंदांत गेली, तर दोन्ही १० गुणांच्या असल्या तरी प्रशिक्षक ती मालिका चांगली मानीत नाहीत.

नोंदवही व फटक्याचा अंदाज

गोळी झाडल्याबरोबर, पडद्याकडे पाहण्यापूर्वी, ती कोठे लागली असेल हे नेमबाजाने मनाशी सांगावे, ही जुनी सवय आहे. अंदाज व निकाल जुळू लागले, म्हणजे नजर साइटवर होती. जुळले नाहीत, तर नजर लक्ष्यावर गेली होती. दिवसाच्या नोंदवहीत गुणांबरोबरच प्रकाश, वारा, काडतुसांचा गट, साइटचे क्लिक आणि मनःस्थिती लिहितात. पिस्तुलात केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदवितात व एका वेळी एकच बदल करतात. दोन बदल एकदम केल्यास सुधारणा कशामुळे झाली, ते कळत नाही. महत्त्वाच्या स्पर्धेच्या तोंडावर कोणताही बदल करीत नाहीत.

शारीरिक तयारी

सुमारे १,४०० ग्रॅमचे पिस्तूल ताठ हाताने दिवसातून शेकडो वेळा उचलल्याने खांदा, कोपर व मनगट यांवर ताण येतो. गोळीबाराचा धक्का त्यात भर घालतो. म्हणून खांद्याच्या व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, तोल राखण्याचे व्यायाम आणि विश्रांतीचे दिवस सरावाच्या वेळापत्रकात धरतात. वेदना होत असताना केलेल्या सरावाने दुखापत जडते, शिवाय वेदना टाळण्यासाठी हात नकळत चुकीची सवय लावून घेतो.

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीशी तुलना

प्रॅक्टिकल किंवा चलत नेमबाजी हा पिस्तुलाचा वेगळा क्रीडाप्रकार आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना मे १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिसुरी येथे झाली व जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यात स्पर्धक दोन्ही हातांनी पिस्तूल धरू शकतो. तो धावत, वळत, आडोशामागून पुठ्ठ्याच्या व लोखंडी लक्ष्यांवर गोळ्या झाडतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून त्याचा क्रम ठरतो. अचूकता राखून वेग वाढविणे हे त्याचे सूत्र आहे. पिस्तुलाचा चाप, साइट, मूठ व काडतुसाची शक्ती यांची जुळवणी तेथेही काटेकोरपणे केली जाते. नळीचे तोंड ठरलेल्या कोनाबाहेर वळले, तर स्पर्धकाला तत्काळ बाद करतात.

त्या प्रकारात पिस्तुलाचे काडतूस किमान ९ मिमीचे असावे लागते. भारतात ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे भारतातील पिस्तूल नेमबाजी प्रामुख्याने १० मीटर एअर पिस्तूल व .२२ पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारांभोवती वाढली आहे. वेळेच्या दडपणाखाली अचूकता राखण्याचे जे आव्हान प्रॅक्टिकल नेमबाजीत असते, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा ऑलिंपिक अनुभव २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात मिळतो.

भारतातील संघटन

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे संस्थापक-अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय जी. व्ही. मावळणकर नेमबाजी स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची महत्त्वाची पायरी आहे. महाराष्ट्रात राज्यस्तरावर महाराष्ट्र रायफल असोसिएशन काम पाहते. कॅप्टन एस. जे. इझिकेल स्मृती राज्य नेमबाजी स्पर्धा ही राज्यातील प्रमुख स्पर्धा होय. मुंबईतील वरळी, पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आणि कोल्हापूरची दुधाळी रेंज ही राज्यातील परिचित केंद्रे आहेत.

महाराष्ट्रातील नेमबाज

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मूळच्या महाराष्ट्रातील अनिसा सय्यद यांनी वैयक्तिक सुवर्ण, तर राही सरनोबत यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. दुहेरीचे सुवर्णपदक दोघींनी मिळून जिंकले. २०१४ साली ग्लासगो येथे हा क्रम उलटला : राही यांना सुवर्ण व अनिसा यांना रौप्य मिळाले.

राही सरनोबत यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९९० रोजी कोल्हापूर येथे झाला. पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात २०१० साली विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत यांच्याप्रमाणेच त्याही कोल्हापूरच्या उषाराजे हायस्कूलच्या विद्यार्थिनी. २००८ साली पुण्यातील राष्ट्रकुल युवा स्पर्धेत राही यांनी सुवर्णपदक मिळविले. २०११ च्या विश्वचषकातील कांस्यपदकामुळे त्यांना लंडन ऑलिंपिकचा प्रवेश मिळाला. या प्रकारात ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. तेथे त्या १९ व्या आल्या. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे त्यांनी यजमान देशाच्या नेमबाजावर मात करून विश्वचषकाचे सुवर्ण मिळविले. विश्वचषकात सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय पिस्तूल नेमबाज ठरल्या.

त्यानंतर कोपराच्या दुखापतीमुळे त्यांच्या कारकिर्दीत खंड पडला आणि २०१६ चे रिओ ऑलिंपिक हुकले. पुनरागमनाच्या काळात त्यांना मुंखबायर दोर्जसुरेन यांचे मार्गदर्शन लाभले. दोर्जसुरेन यांनी स्वतः याच प्रकारात १९९२ साली मंगोलियासाठी आणि २००८ साली जर्मनीसाठी ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले होते.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बांग येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत राही व थायलंडच्या नफास्वान यांगपाईबून यांचे ५० पैकी प्रत्येकी ३४ फटके लागले. निर्णायक पाच गोळ्यांतही दोघींचे चार-चार फटके लागल्याने आणखी पाच गोळ्या झाडाव्या लागल्या. त्यांत राही यांचे तीन व यांगपाईबून यांचे दोन फटके लागले. अशा रीतीने साठाव्या गोळीपर्यंत चाललेल्या या फेरीत एका फटक्याने सुवर्णपदकाचा निर्णय झाला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१९ साली म्युनिक व २०२१ साली ओसियेक येथील विश्वचषकांतही त्यांनी सुवर्ण मिळविले. ओसियेकनंतर महिनाभरातच झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र ५७३ गुणांसह त्या ३२ व्या आल्या. विश्वचषकविजेत्या नेमबाजाच्या गुणांतही एवढा चढउतार होऊ शकतो, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे.

अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे भारतीय सैन्याचे महत्त्वाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर या संस्था येथे आहेत. शहराजवळील खारे कर्जुने गावावरून ओळखली जाणारी के. के. रेंज ही रणगाडे व तोफा यांच्या सरावाची जागा आहे. क्रीडा नेमबाजीच्या रेंजशी तिचा संबंध नाही व नागरिकांना तेथे प्रवेश नसतो. जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा नेमबाजीशी पहिला परिचय पुष्कळदा राष्ट्रीय छात्रसेनेतील .२२ रायफलच्या सरावातून होतो.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून पिस्तूल नेमबाजीकडे जाणारा व्यवहार्य मार्ग १० मीटर एअर पिस्तूलचा आहे, कारण त्यासाठी लांबट बंदिस्त दालन पुरते. २५ मीटरसाठी संरक्षक भिंती असलेली परवानाप्राप्त रेंज लागते. बालेवाडीचे केंद्र अहिल्यानगरहून रस्त्याने सुमारे १२० ते १३० किलोमीटर अंतरावर आहे. अशा ठिकाणच्या नेमबाजाला रोज गोळीबार करणे शक्य नसते. त्यामुळे हात, नजर व चाप यांचा मेळ बसविणारा कोरडा सराव ही त्याच्यासाठी सोयीपेक्षा गरज असते. एअर पिस्तूलमध्ये पक्के झालेले चापाचे तंत्र पुढे २५ मीटरच्या प्रिसिजन टप्प्यात जवळपास जसेच्या तसे उपयोगी पडते. रॅपिड टप्पा मात्र स्वतंत्रपणे शिकावा लागतो.

कायदा व सुरक्षितता

भारतात अग्निशस्त्रे बाळगण्याचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. .२२ पिस्तुलासाठी परवाना आवश्यक असतो. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी व आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त परवाना देतात. ठरावीक ऊर्जा व बोअर यांच्या मर्यादेतील एअर पिस्तुलांना परवान्यातून सूट आहे. राष्ट्रीय स्पर्धेत किमान पात्रता गुण मिळविणाऱ्या नेमबाजांना ‘नामांकित नेमबाज’ या वर्गात शस्त्रे व काडतुसे यांबाबत काही सवलती मिळतात. नवशिके खेळाडू सामान्यतः आपल्या क्लबचे पिस्तूल वापरूनच आरंभ करतात.

रेंजवर पिस्तुलाची नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवणे, गोळी झाडण्याचा क्षण येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे, आज्ञेशिवाय काडतूस न भरणे आणि पिस्तूल खाली ठेवताना नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालून ती रिकामी असल्याचे दर्शविणे हे नियम सर्वांना बंधनकारक असतात. कानांचे संरक्षण व संरक्षक चष्मा वापरण्याची सूचना सर्व नेमबाजांना दिली जाते. सुरक्षिततेचा नियम मोडणाऱ्या खेळाडूला, त्याचे गुण कितीही असोत, स्पर्धेतून बाद करता येते.